पाण्याच्या वेढ्यात पाणी मोजताना : बेंतिऊचे दहा दिवस

पहिला दिवस, 5 फेब्रुवारी 2024 : जुबा

मुंबईहून आदिस अबाबा आणि तिथून दोन तासांत जुबा असा प्रवास झाला. विमानात शेजारी बसलेल्या केनियन कंत्राटदाराने माझ्या कामाची चौकशी केली. दक्षिण सुदानमध्ये बेंतिऊच्या विस्थापितांच्या छावणीत पिण्याच्या पाण्याची तपासणी करायला चालले आहे असे सांगितल्यावर तो हसून म्हणाला, की बेंतिऊत पाण्याला काय तोटा? गेली चार-पाच वर्षे ते गाव पाण्यातच तर उभे आहे. घरून निघताना आईनेही जवळपास हेच विचारले होते, मात्र उलट बाजूने : आपल्याकडे एवढी टंचाई असताना पाणी बघायला तिकडे कशाला?

मी लातूरची. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आले, तेव्हा टँकरच्या पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही हे पाहत हिंडणाऱ्यांमध्ये मी होते. त्यामुळे पाणी नसणे म्हणजे काय हे मला चांगले ठाऊक होते. पाणी चहूकडे असूनही पिण्यासारखे नसणे म्हणजे काय, हे पाहायचे राहिले होते. जुबाच्या विमानतळावर छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, आणि शहरातही परवान्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नये अशी ताकीद गाडीत बसताच मिळाली. तेव्हा या लिखाणात चित्रे नाहीत.

दुसरा दिवस, 6 फेब्रुवारी : जुबा

सकाळचा वेळ सुरक्षाविषयक माहितीच्या बैठकीत गेला. मदतकार्य करणाऱ्यांसाठी हा देश जगातल्या सर्वाधिक धोक्याच्या देशांत मोडतो, आणि जीव गमावणाऱ्यांत परदेशी पाहुण्यांपेक्षा स्थानिक कर्मचारीच कितीतरी अधिक असतात, हे बैठक घेणाऱ्या अधिकाऱ्याने दोनदा सांगितले. तो स्वतः इथलाच होता.

इतिहासाची उजळणी मी थोडक्यात करते. 9 जुलै 2011 रोजी सुदानपासून वेगळा होऊन हा देश स्वतंत्र झाला आणि 15 डिसेंबर 2013 च्या रात्री जुबातच राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि पदावरून दूर केलेले उपाध्यक्ष रिएक माचार यांच्या समर्थक सैनिकांत गोळीबार सुरू झाला. पाहता पाहता डिंका आणि नुएर या दोन मोठ्या समाजांना या भांडणात ओढले गेले. 2015 चा करार पुढच्याच वर्षी जुलैत कोसळला, 2018 च्या सप्टेंबरमध्ये दुसरा झाला आणि मी गेले तेव्हा तो कसाबसा टिकून होता. लंडनच्या संशोधकांनी 2018 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार या युद्धामुळे सुमारे 3 लाख 83 हजार मृत्यू ओढवले. त्यांतले निम्मे प्रत्यक्ष हिंसाचाराने झाले आणि उरलेल्या निम्म्यांना उपासमारीने व औषधोपचाराअभावी नेले. हा दुसरा निम्मा भाग वर्तमानपत्रांत फारसा येत नाही. माझ्या धंद्याचा संबंध मात्र त्याच्याशीच येतो. डिसेंबरमध्ये निवडणूक होणार असे त्या आठवड्यात जो तो सांगत होता, आणि सांगताना कोणाच्याही चेहऱ्यावर ती होईल असे दिसत नव्हते. पुढे ती 2026 वर ढकलली गेली.

संध्याकाळी सामानाचे वजन केले. जागतिक अन्न कार्यक्रमाची हवाई सेवा माणशी 20 किलोच सामान नेऊ देते. माझ्या पेटीत क्लोरीन तपासणीच्या गोळ्या आणि गढूळपणा मोजण्याचे यंत्र होते, त्यामुळे काढून ठेवायला कपडेच उरले.

तिसरा दिवस, 7 फेब्रुवारी : रुबकोना

विमान उत्तरेकडे निघाले आणि तासाभराने खाली सुद्द ही अफाट दलदल लागली. पांढरी नाईल इथे एका प्रवाहात वाहत नाही. ती पसरते, गवतात आणि पपायरसच्या बेटांत हरवते आणि शेकडो किलोमीटर पुढे पुन्हा नदी होते. वरून ते हिरव्या-तपकिरी गोधडीसारखे दिसत होते. मग एकाएकी त्या गोधडीवर सरळ रेषा दिसू लागल्या. या रेषा म्हणजे बांध होते. बांधाच्या एका बाजूला चकाकते पाणी, दुसऱ्या बाजूला धुळकट जमीन आणि त्या जमिनीवर दाटीने मांडलेली ताडपत्रीची आणि गवताची घरे. विमान वळताना माझ्या लक्षात आले, की पाण्याची पातळी घरांच्या जोत्यांपेक्षा वर आहे.

युनिटी राज्याची राजधानी बेंतिऊ, तिला लागून रुबकोना हे गाव, त्याच्या कडेला धावपट्टी, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ आणि तळाला चिकटून विस्थापितांची छावणी अशी ही रचना आहे. या राज्यात तेल निघते, आणि त्यात आपल्या ओएनजीसी विदेशचाही वाटा आहे, हे मला येण्यापूर्वी माहीत नव्हते. लोक छावणीत पहिल्यांदा आले ते पाण्यामुळे नव्हे. 2014 च्या एप्रिलमध्ये बेंतिऊ एका फौजेच्या हातून दुसरीच्या हातात गेले, तेव्हा इथल्या मशिदीत आसऱ्याला आलेल्या 200 हून अधिक लोकांना मारण्यात आले आणि रेडिओवरून विद्वेषाची भाषणे झाली. जे वाचले ते शांतिसेनेच्या कुंपणाकडे धावले, आणि कुंपणाच्या आत वस्ती उभी राहिली. 2021 मध्ये शांतिसेनेने छावणीचा थेट ताबा स्थानिक सरकारकडे सोपवला. त्याच वर्षी पुराने असा वेढा घातला की घरी परतायला गावेच उरली नाहीत. युद्धाने आणलेली माणसे पाण्याने अडकवून ठेवली, आणि लाखाच्या वर वस्तीची ही छावणी आता दहा वर्षांची झाली आहे.

रात्रीचा मुक्काम एका पत्र्याच्या खोलीत होता. डास इतके, की कंदिलाची काच दिसेनाशी झाली.

चौथा दिवस, 8 फेब्रुवारी : शुद्धीकरण केंद्र

छावणीला मुख्यतः बोअरचे पाणी मिळते आणि गावाच्या काही भागाला पुराचेच पाणी शुद्ध करून दिले जाते. आधी दुसरा प्रकार पाहायचे ठरले, कारण अडचण तिथे जास्त होती. पुराच्या कडेला तराफ्यावर पंप ठेवलेला आहे. तो उपसलेले पाणी रबरी अस्तराच्या गोल टाक्यांत आणतो, तिथे तुरटी घालून गाळ खाली बसवतात, निवळलेले पाणी दुसऱ्या टाकीत घेतात आणि त्यात क्लोरीन मिसळून नळांना सोडतात. तुरटी पाहून मला बरे वाटले. खेड्यात आजी हंड्यात तुरटीचा खडा फिरवायची, तेच हे काम, फक्त हंडा मोठा होता.

पंप-चालक नुएर होता. साधारण पन्नाशीचा, कपाळावर कानापासून कानापर्यंत सहा आडव्या रेषांचे व्रण असलेला. पूर्वी नुएर मुलगा पुरुष झाला की हे व्रण कोरले जात. त्याला इंग्रजी थोडे येत होते आणि मला जुबाची अरबी शंभर शब्दांपलीकडे येत नव्हती, पण ‘मोया’ म्हणजे पाणी आणि ‘क्वेस’ म्हणजे बरे, एवढ्यावर सकाळ निघाली. त्याने सहा पारदर्शक बाटल्यांत पाणी भरले, प्रत्येकीत तुरटीचे द्रावण थोडे थोडे वाढवत घातले, काडीने ढवळले आणि आम्ही दोघे उन्हात बसून गाळ बसण्याची वाट पाहू लागलो. कोणत्या बाटलीत कमीत कमी तुरटीने पाणी निवळते ते पाहून त्या दिवसाची मात्रा ठरते. मी यंत्र काढण्याआधीच त्याने चौथ्या बाटलीवर बोट ठेवले होते. यंत्राने पंधरा मिनिटांनी त्याचेच खरे केले.

अडचण पुढे आहे. हे पाणी निवळले तरी त्याला पातळ चहासारखा रंग राहतो, कारण त्यात कुजलेल्या पपायरसचा आणि गवताचा अर्क उतरलेला असतो. हा अर्क क्लोरीन खातो. टाकीत मोजाल तेव्हा क्लोरीन पुरेसा असतो, नळावर थोडा कमी होतो, आणि बाईने पाणी घरी नेऊन दुपारभर ठेवले की काहीच उरत नाही. याच देशात मबान भागातल्या निर्वासित छावण्यांत 2013 साली संशोधकांनी नळापासून झोपडीपर्यंत पाण्याचा पाठलाग करून हेच दाखवले होते, की लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन हा नळावरचा नेहमीचा दंडक उन्हाच्या छावणीत अपुरा पडतो. माझे काम म्हणजे तोच पाठलाग बेंतिऊत करणे. हे काम दिसायला अगदी मामुली आहे; दिवसभर बादल्यांमध्ये डोकावत हिंडायचे.

क्लोरीनच्या पिंपांवर वापराची अंतिम तारीख दोन महिन्यांवर आलेली होती. नवीन माल का मागवला नाही असे विचारले, तेव्हा केंद्रावरच्या अधिकाऱ्याने सांगितले की सध्याच्या प्रकल्पाचा निधी 31 मार्चपर्यंतचा आहे, आणि पुढचा मंजूर होईपर्यंत मागणी नोंदवता येत नाही. दहा वर्षे चाललेल्या आणीबाणीला पैसा मात्र सहा-सहा महिन्यांच्या हप्त्याने येतो. जिल्हा परिषदेच्या मार्चअखेरीची मला सवय आहे, त्यामुळे मला राग आला नाही, नुसते ओळखीचे वाटले. राग रात्री आला.

पाचवा दिवस, 9 फेब्रुवारी : नळकोंडाळी

छावणीतल्या नळकोंडाळ्यांवर पहाटेपासून पिवळ्या जेरीकॅनच्या रांगा लागतात. माणूस रांगेत नसतो, जेरीकॅन असतो. कोणी त्यावर चिंधी बांधून ठेवली आहे, कोणी खूण कोरली आहे. माणशी दिवसाला 15 लिटर हे मदतकार्यातले किमान प्रमाण. वीस लिटरचा जेरीकॅन आणि घरात आठ माणसे असा हिशेब केला, तर बाईला दिवसात सहा खेपा घालाव्या लागतात, आणि त्यातल्या दोन-तीन खेपा पोरी घालतात.

माझ्याबरोबर छावणीतलीच एक स्वयंसेविका होती, वय असेल बावीस-तेवीस. तिचे शिक्षण इथल्याच ताडपत्रीच्या शाळेत झाले होते. मी नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन गोळी टाकली की ते गुलाबी होते आणि गुलाबी छटेवरून क्लोरीन किती ते कळते. आपल्याकडे ग्रामपंचायतीत अजून पुष्कळ ठिकाणी ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळे होते. मी ते सांगितल्यावर तिला मोठी गंमत वाटली, आणि मग भारतातले चांगले पाणी पिवळे असते असे तिने रांगेतल्या बायकांना सांगून टाकले. गैरसमज दूर करायला मला बराच वेळ लागला.

एका बाईचा जेरीकॅन धरून आम्ही तिच्या घरी गेलो. नळावर नळी ठसठशीत गुलाबी. घरी पोचल्यावर तेवढीच. तास-दोन तासांनी फिकी. तिसऱ्या प्रहरी पुन्हा गेलो तेव्हा गोळी विरघळली आणि पाणी जसेच्या तसे राहिले. बाई आमच्याकडे पाहत होती. स्वयंसेविकेने जेरीकॅनच्या तोंडातून बोट घालून पाहिले. आत हिरवट बुळबुळीत थर होता. तो क्लोरीन खात होता. जेरीकॅनचे तोंड अरुंद, त्यामुळे आतून घासता येत नाही. मग दोघींनी मूठभर वाळू, बारीक खडे आणि साबणाचे पाणी आत टाकले, बूच लावले आणि दोन्ही बाजूंनी धरून पाळण्यासारखा तो जेरीकॅन हलवायला सुरुवात केली. भोवती पोरे जमली आणि ताल धरू लागली. ओतलेले पाणी शेवाळ्याच्या रंगाचे निघाले. त्या बाईला क्लोरीनचा वासही आवडत नव्हता. दवाखान्यासारखे पाणी लागते असे ती म्हणाली. पाण्यात टाकायच्या टीसीएल या क्लोरीनच्या पावडरीबद्दल हीच तक्रार मी औसा तालुक्यात किती वेळा ऐकली असेल.

सहावा दिवस, 10 फेब्रुवारी : बांध

आज बांधावरून चाललो. धावपट्टी, तळ, छावणी आणि गाव यांना वेढणारे हे मातीचे बांध शांतिसेनेतल्या पाकिस्तानी अभियंत्यांनी, मदतसंस्थांनी आणि फावडी घेतलेल्या गावकऱ्यांनी मिळून उभे केले आहेत. आत साचणारे पावसाचे पाणी पंपाने पुन्हा बाहेर फेकावे लागते. म्हणजे हे एक जहाज आहे, आणि पंप बंद पडला तर ते बुडेल.

बांधाची माती पाहून मी खाली बसले. ही आपली काळी माती होती. इंग्रजी बोलणारे इथले अभियंतेही तिला कापसाची काळी जमीनच म्हणतात. पावसात फुगणारी, उन्हात हात जाईल इतक्या भेगा पडणारी, जिच्यावर बांधलेल्या घराच्या भिंतींना दरवर्षी तडे जातात ती. लातूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, या मातीचा बांध उन्हाळ्यात दुरुस्त केला नाही तर पावसाळ्यात भेगांतून पाणी शिरते हे तो सांगेल. बांधावरचा मुकादमही तेच सांगत होता, आणि भेगा भरायला ज्या लालसर मुरमाड मातीची त्याला वाट होती तिला तो ‘मरम’ म्हणत होता. मी त्याला तो शब्द तीनदा म्हणायला लावला. आपला मुरूम इंग्रज अभियंत्यांच्या तोंडून आफ्रिकेत पोचला असावा असे मला वाटते, पण मी भाषाशास्त्रज्ञ नाही. मुरूम इथे जवळपास नाही, आणि रस्ते पाण्याखाली गेल्यामुळे तो लांबून आणणेही कठीण होते.

एवढे पाणी आले कुठून, याचे उत्तर फार दक्षिणेला आहे. 2019 च्या अखेरीस हिंद महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा बराच गरम झाला, पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टी झाली आणि 2020 मध्ये व्हिक्टोरिया सरोवराने विक्रमी पातळी गाठली. ते पाणी उतरत उतरत सुद्दमध्ये आले. इथली जमीन इतकी सपाट आहे की आलेले पाणी जायचे नाव घेत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यावर नवे पाणी चढते. बांधापलीकडे झाडांचे वठलेले शेंडे वर आलेले दिसत होते. स्वयंसेविकेने त्यांतल्या एका झाडाकडे हात केला. तिच्या मामाचा गोठा तिथे होता. नुएर माणसाची सगळी पत, सोयरिक आणि कविताही गाईंभोवती फिरते. गाई पाण्यात उभ्या राहून खूर कुजून आणि उपाशी मेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर लग्नाचे देणे, भांडणाची भरपाई आणि पोरांच्या दुधाचा घोट सगळेच गेले. मदतीच्या कोणत्याही शिध्यात याची तरतूद नसते.

पाण्यात दोन बायका छातीपर्यंत उतरून कमळाच्या जातीची फळे आणि कंद काढत होत्या. त्याचे बी वाळवून, कुटून खातात. जलपर्णी वाळवून जळणासाठी नेतात, कारण सरपणाची रानेही बुडाली आहेत.

सातवा दिवस, 11 फेब्रुवारी : रविवार

प्रार्थनेचा दिवस असल्याने काम नव्हते. सकाळी ढोलाच्या साथीने नुएर भाषेतली स्तोत्रे दुपारपर्यंत चालली. मी कपडे धुतले.

दुपारी स्वयंसेविकेने घरी जेवायला बोलावले. तिची आई शिध्याच्या ज्वारीचे पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरत होती. त्याला किसरा म्हणतात आणि तो आपल्या आंबोळीचा नात्यातला असावा असा दिसतो. सोबत वाळवलेल्या माशांचे कालवण होते. आमच्याकडे ज्वारीची भाकरी करतात असे मी सांगितले, आणि सांगितले ते चुकलेच, कारण लगेच पीठ पुढे आले. लाल ज्वारीचे ते भरड पीठ कोमट पाण्यात मळले तरी चिकटेना. पहिली भाकरी उचलताना मोडली, दुसरी तव्यावर मोडली. तिसरी गोल झाली नाही पण अखंड राहिली, आणि तिच्या आईने ती वास घेऊन, उलटसुलट करून पाहिली व मुलांमध्ये तुकडे करून वाटली. दळणाचे पैसे नसले की गिरणीवाला धान्यच कापून घेतो, हे बोलता बोलता कळले. हातात येणारा शिधा आधीच निम्मा. माणशी दिवसाला 2,100 उष्मांक हा पूर्ण शिध्याचा हिशेब. निधी कमी पडल्याने इथे त्याचा निम्माच भाग मिळत होता, आणि त्यातूनही गिरणीचा वाटा जात होता. तो हिशेब कानांवर पडला तेव्हा मोडलेल्या दोन भाकऱ्यांची मला लाज वाटू लागली.

आठवा दिवस, 12 फेब्रुवारी : रुग्णालय

छावणीत एमएसएफ म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेचे रुग्णालय आहे. मला तिथे पाण्याशी संबंधित आजारांची नोंद पाहायची होती, विशेषतः हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ. आपल्याला ही नवी नाही. 2012 साली इचलकरंजीत तिने थैमान घातले होते आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने या विषाणूवर दीर्घकाळ काम केले आहे. बहुतेकांना ती काही आठवड्यांत सोडते. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत असलेल्या बाईला मात्र जीवघेणी ठरू शकते. शौचकुपे पुराच्या पातळीला आली, मैला उपसायला जागा उरली नाही आणि 2021 मध्ये इथे साथ उसळली. या आजारावर चीनमध्ये 2011 पासून परवाना मिळालेली लस होती, पण साथ रोखण्यासाठी तिचा वापर जगात कुठेच झाला नव्हता. तो पहिल्यांदा झाला तो इथे, 2022 मध्ये. आरोग्य मंत्रालय आणि एमएसएफ यांनी मिळून 16 ते 40 वयोगटातल्या सुमारे 25 हजार लोकांना ती दिली, गर्भवतींसकट. अकरा वर्षे तयार असलेली लस वापरायला जगाला इतका वेळ का लागला, याचे उत्तर मला वाटते एवढेच आहे की ज्यांना ती हवी होती ते विकत घेणारे नव्हते.

कुपोषणाच्या विभागात परिचारक मुलांच्या दंडाभोवती कागदी पट्टी गुंडाळत होता. मेळघाटात अंगणवाडी सेविका मोजते तोच दंडघेर : 115 मिलिमीटरच्या आत आला की पट्टीचा लाल भाग. आजारी नसलेल्या आणि भूक शाबूत असलेल्या मुलाला घरी खायला शेंगदाण्याचे कूट, दूधपावडर, साखर आणि तेलाची गोड पेस्ट देतात; एका पुडीत 500 उष्मांक. एक मूल पुडीचा कोपरा दातांनी फोडून शांतपणे ती पिळत होते. आई म्हणाली की ते पुडी कोणालाच धरू देत नाही. पलीकडच्या खाटेवरचे मूल मात्र दूधही गिळत नव्हते. त्याच्या नाकात नळी होती. मी तिथे जास्त वेळ थांबले नाही. मला तिथे काही काम नव्हते, आणि पाहणारा माणूस अशा खोलीत जागाच अडवतो.

बाहेर पडताना एका स्थानिक सुईणीशी बोलणे झाले. सरपणाला आणि शिध्याला लांब चालत जाणाऱ्या बायकांवर वाटेत अत्याचार होतात. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये दहा दिवसांत अशा 125 जणींवर एमएसएफने बेंतिऊत उपचार केले होते. त्याबद्दल ती स्वतःहून काही बोलली नाही. नळकोंडाळे घराच्या जवळ आणा, अंधार पडण्याच्या आत पाणी सुटू द्या, एवढेच तिने सांगितले, आणि ते मी शब्दशः अहवालात लिहिले.

नववा दिवस, 13 फेब्रुवारी : नवी माणसे

15 एप्रिल 2023 रोजी खार्टूममध्ये सुदानी सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले, तेव्हापासून तिकडून लाखो माणसे या देशात येत आहेत. त्यातले बहुतेक पूर्वेला रेंककडून शिरतात. काही पानाकुआचच्या वाटेने रुबकोनात येतात. बरेच जण मूळचे दक्षिण सुदानीच आहेत, इथल्या युद्धामुळे तिकडे पळालेले. दोन युद्धांमध्ये त्यांचे येणे-जाणे चालले आहे.

नळावर अशा एका कुटुंबाची गाठ पडली. बाई खार्टूममध्ये शिवणकाम करायची. तिच्याकडे जेरीकॅन नव्हता, शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या होत्या, आणि रांगेतल्या जुन्या बायका तिला पुढे सोडत नव्हत्या. पाणी तेवढेच, तोंडे वाढली, हे त्यांचे म्हणणे चूक म्हणता येत नव्हते. शेवटी माझ्या स्वयंसेविकेने स्वतःच्या घरचा जेरीकॅन आणून दिला. तो कालच घासलेला होता, हेही तिने आवर्जून सांगितले.

दुपारभर आकडेमोड केली. नळावरची क्लोरीनची पातळी थोडी वाढवायची, म्हणजे ती संध्याकाळपर्यंत घरात टिकेल. पण इतकी नाही की वासामुळे लोक पुराचेच पाणी पितील. शिवाय दर आठवड्याला सेक्टरवार जेरीकॅन धुण्याची मोहीम. माझ्या दहा दिवसांची शिफारस ही एवढीच. त्यासाठी महिन्याला क्लोरीनची जास्तीची पिंपे लागतील, आणि ती 31 मार्चनंतर कोण देईल या प्रश्नापुढे मी अहवालात रिकामी जागा सोडली. ज्या ज्वारीच्या पोत्यांवर अमेरिकन जनतेकडून असे छापलेले मी त्या आठवड्यात रोज पाहत होते, ती पाठवणारी यूएसएड ही अमेरिकी सरकारची मदतसंस्थाच पुढच्या वर्षी, 2025 च्या जुलैत, बंद झाली. तेव्हा ती रिकामी जागा आम्हांला वाटत होती त्याहून मोठी होती.

दहावा दिवस, 14 फेब्रुवारी : परत

विमान दुपारी होते. सकाळी तपासणीचे यंत्र, उरलेल्या गोळ्या आणि नोंदवही स्वयंसेविकेच्या हवाली केली. तिने माझ्यासमोर शेवटचा नमुना घेतला, नळी उन्हाकडे धरली, एक डोळा मिटून रंग जुळवला आणि आकडा लिहिला. मी मनातल्या मनात लावलेला आकडा तिच्याहून थोडा जास्त होता. आम्ही पुन्हा गोळी टाकून पाहिले. तिचा बरोबर होता.

वही मी जुबाहून आणली होती आणि कार्यालयाच्या सांगण्याप्रमाणे 31 मार्चपर्यंतचेच रकाने आखले होते. तारीख, नळ, घर, वेळ, आकडा. सही करायला पाने उलटली तेव्हा दिसले, की तिने पुढच्या पानांवर पट्टी नसल्याने जेरीकॅनच्या झाकणाच्या कडेने थोड्या वाकड्या रेघा मारून एप्रिलचे रकाने पेन्सिलीने आखून ठेवले आहेत.

धावपट्टीवर सामान काट्यावर ठेवले. अकरा किलो भरले.